समुद्राचा सामू उतरतोय, मग किनाऱ्यावरच्या प्लवकांचं काय? नाशिककरांनी विचारलेले प्रश्न

मी नाशिकमध्ये अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. समुद्राच्या आम्लीकरणावर दोन-तीन ठिकाणी बोलायचा योग आला. खरं सांगायचं तर माझ्या भाषणापेक्षा नंतर चहाच्या वेळी आलेले प्रश्न जास्त चांगले होते. विचारणाऱ्यांत विद्यार्थी होते, निफाडकडचे द्राक्षबागायतदार होते आणि सुकट का महागली एवढंच जाणून घ्यायचं असलेल्या एक मावशीही होत्या. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत.

समुद्राचं पाणी आंबट होणार का?

नाही. समुद्राचं पाणी आम्लारीधर्मी आहे आणि या शतकात तरी ते तसंच राहील. सामू, म्हणजे पीएच, हा आम्लता मोजायचा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो, समुद्राच्या पृष्ठभागाचा साधारण ८.१. औद्योगिक क्रांतीच्या आधी तो ८.२ च्या जवळ होता. 'आम्लीकरण' म्हणजे आम्ल झालं असं नव्हे, तर आम्लाच्या दिशेला सरकतंय. पुण्याहून नाशिककडे निघालेला माणूस मंचरला असला तरी आपण तो नाशिकला चाललाय असंच म्हणतो ना, तसं.

०.१ चा फरक? एवढ्याशासाठी एवढा गवगवा?

हा प्रश्न एका बागायतदार दादांचा. त्यांच्या खिशात पेनासारखं सामूमापक होतं. जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड, द्राक्षाचे मणी वाढवणारं संजीवक) फवारायच्या आधी ते टाकीतल्या पाण्याचा सामू बघतात आणि जास्त असला तर सायट्रिक अ‍ॅसिड घालून खाली आणतात. अशा माणसाला सामू म्हणजे काय हे मी काय शिकवणार? पण मोजपट्टीतली एक खोच त्यांनाही ठाऊक नव्हती.

ही पट्टी लॉगरिदमची आहे. १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी ती बनवली. सामू १ ने उतरला की आम्लपणा आणणारे हायड्रोजन आयन दहापट होतात. ०.१ ने उतरला की ते सुमारे २६ टक्क्यांनी वाढतात, ०.३ ने उतरला की जवळजवळ दुप्पट. कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, असाच हवेत ओकत राहिलो तर २१०० पर्यंत आणखी ०.३ ते ०.४ ची घट होईल, असं सर्वांत वाईट शक्यतेचं गणित सांगतं.

गंमत म्हणजे दादांच्या खिशातल्या मापकाची चूकच ०.१ इतकी असू शकते. अडीचशे वर्षांत अख्ख्या महासागरात झालेला बदल त्या यंत्राच्या चुकीत मावतो. म्हणून समुद्राचा सामू असल्या मापकाने मोजत नाहीत. पाण्यात जांभळा रंगद्रव टाकून त्यातून जाणारा प्रकाश मोजतात आणि तिसऱ्या दशांशापर्यंत आकडा काढतात.

हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात जाऊन नेमकं करतो काय?

गोळी सोड्यात करतो तेच. पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होतं आणि त्यातून हायड्रोजन आयन सुटतात. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण चौथा हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. हवेतलं त्याचं प्रमाण दहा लाख भागांत २८० होतं, आता ४२० च्या पुढे गेलंय. समुद्राने हा वाटा उचलला नसता तर आपला उन्हाळा आणखी कडक झाला असता, हेही लक्षात असू द्या.

आता खरी भानगड. सुटलेला हायड्रोजन स्वस्थ बसत नाही. तो समुद्रातल्या कार्बोनेटला चिकटतो आणि त्याचं बायकार्बोनेट करून टाकतो. शंख-शिंपले, प्रवाळ आणि कित्येक प्लवक ज्या चुन्याचं कवच बांधतात तो म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. कार्बोनेट कमी झालं की बांधलेला चुना टिकवणं अवघड होतं.

शाळेतला चुन्याच्या निवळीचा प्रयोग आठवतोय? नळीने फुंकलं की निवळी दुधाळ होते आणि तिथेच आपण 'कार्बन डायऑक्साइड सिद्ध झाला' म्हणून वही बंद करायचो. पण फुंकतच राहिलं तर दुधाळपणा जातो, पाणी पुन्हा नितळ होतं. कारण जास्तीच्या वायूने तयार झालेला चुना विरघळवून टाकलेला असतो. समुद्रात जे चाललंय ते प्रयोगाच्या या दुसऱ्या अर्ध्यासारखं आहे, आणि तोच अर्धा आपण वर्गात सोडून देतो.

प्लवक म्हणजे नक्की कोण?

जे प्रवाहाविरुद्ध पोहू शकत नाहीत, पाणी नेईल तिकडे जातात, ते सगळे प्लवक. आकाराशी संबंध नाही. जेलीफिशसुद्धा प्लवकच. वनस्पतीप्लवक एकपेशीय असतात, उन्हावर अन्न बनवतात. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं काम ते करतात. त्यांना खाणारे ते प्राणीप्लवक. त्यांत कोपेपॉड नावाचे तांदळाच्या कणीहून बारीक जीव सर्वांत जास्त.

तुम्ही प्लवक पाहिलेला आहे, बहुधा खाल्लेलाही आहे. सुकट, म्हणजे वाळवलेला जवळा, हा बारीक कोळंबीसारखा जीव प्लवकांतच मोडतो. कोळी बांधव भरती-ओहोटीच्या ओढीत डोल जाळी लावून तो पकडतात. घरी मूठभर सुकट पांढऱ्या ताटलीत पसरून भिंगाखाली बघा. प्रत्येकाला काळ्या ठिपक्यासारखे दोन डोळे दिसतील. मग कांदा परतायला घ्या.

आणखी एक गट किनाऱ्यासाठी महत्त्वाचा आहे. कालवं, तिसऱ्या, शिनाणे, खेकडे यांची पिल्लं. मोठेपणी खडकाला किंवा चिखलाला धरून राहणारी ही मंडळी बाळपणी काही दिवस-आठवडे प्लवक म्हणून तरंगत असतात.

यांतल्या कुणाला सर्वांत जास्त फटका बसतो?

चुना वापरणाऱ्यांना. पण चुन्या-चुन्यातही फरक आहे. कॅल्शियम कार्बोनेटचे कॅल्साइट आणि अ‍ॅरागोनाइट असे दोन स्फटिकप्रकार असतात. अ‍ॅरागोनाइट लवकर विरघळतो. टेरोपॉड नावाच्या चिमुकल्या पोहणाऱ्या गोगलगायी, ज्यांना समुद्री फुलपाखरं म्हणतात, त्यांचं कवच अ‍ॅरागोनाइटचं. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ पकडलेल्या जिवंत टेरोपॉडांची कवचं सूक्ष्मदर्शकाखाली झिजलेली, खड्डे पडलेली आढळली आहेत.

कॅल्साइटवाले जरा सुरक्षित, तरी सुटलेले नाहीत. फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव चुन्याची बारीक कुपी करून राहतात. 'चॅलेंजर' या जहाजाने १८७२ ते १८७६ च्या मोहिमेत गोळा केलेले नमुने लंडनच्या संग्रहालयात अजून आहेत. २०२० साली संशोधकांनी त्या कवचांची आजच्या कवचांशी तुलना केली. आजची कवचं पातळ निघाली, एका जातीत तर ७६ टक्क्यांपर्यंत. दीडशे वर्षं डब्यात पडून राहिलेल्या चिखलाचा असा उपयोग होईल हे तो भरणाऱ्याच्या स्वप्नातही नसेल. (या पातळपणात समुद्र तापल्याचाही हात असू शकतो. सगळं खापर आम्लावर फोडू नये.)

इथे पाठ्यपुस्तकी चित्र थोडं दुरुस्त करायला हवं. यातले बरेच जीव कार्बोनेट थेट उचलत नाहीत. ते बायकार्बोनेट आत घेतात, पेशीत चुना घडवतात आणि त्यात सुटलेला हायड्रोजन बाहेर फेकतात. बाहेर आधीच हायड्रोजन जास्त असेल तर तो फेकायला जास्त जोर लागतो. तुंबलेल्या गटारात मोरीचं पाणी सोडून बघा, म्हणजे कळेल. जीव लगेच मरत नाही, पण वाढीसाठी आणि अंड्यांसाठी ठेवलेली ऊर्जा या उपसण्यातच जाते.

ज्यांना चुना लागतच नाही त्यांचं काय? डायटम तर काचेचं कवच करतात.

बारावीच्या एका मुलीने हे विचारलं आणि मला फार आनंद झाला. डायटम हे एकपेशीय वनस्पतीप्लवक. त्यांचं कवच सिलिकाचं, म्हणजे वाळूच्याच घराण्यातलं. आम्ल त्याला विरघळवत नाही, उलट सामू उतरला की सिलिका आणखी हळू विरघळते. मग डायटमची चंगळ व्हायला हवी?

इथेच गोम आहे. मेलेल्या डायटमची कवचं वरच्या पाण्यात विरघळतात, म्हणून पुढच्या पिढीला सिलिका मिळते. विरघळणं मंदावलं की कवचं न विरघळता खोल बुडतात आणि वरच्या थरातली सिलिका हळूहळू आटते. २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाने याच कारणाने जगभरातले डायटम घटतील असं भाकीत मांडलं. कवच मजबूत राहिल्यामुळे वंश घटणार! घरात सगळेच जण भांडी न घासता नवी घेत राहिले तर दुकानातली भांडी संपतील, तसा हा प्रकार.

कार्बन डायऑक्साइड म्हणजे वनस्पतीचं खाद्य. मग वनस्पतीप्लवक वाढून चांगलंच नाही का होणार?

काही वाढतील. अतिबारीक आकाराच्या, एक-दोन मायक्रॉनच्या प्लवकांना जादा कार्बन डायऑक्साइड मानवतो, असं अनेक प्रयोगांत दिसलं. पण एक प्रकारचे प्लवक वाढले की त्यांना खाणारेही बदलतात. फार बारीक खाद्य कोपेपॉडला धरता येत नाही. मधे आणखी एक खाणारा लागतो आणि अन्नसाखळीत एक पायरी वाढली की माशापर्यंत पोहोचणारा घास लहान होतो.

हे काचेच्या चंबूत कळत नाही, म्हणून संशोधक समुद्रातच प्रचंड प्लास्टिकच्या पिशव्या सोडतात. एकेकीत सुमारे ५५ हजार लिटर पाणी, म्हणजे आपले साडेपाच टँकर. आतल्या अख्ख्या समुदायाला भविष्यातल्या पाण्यात ठेवून आठवडेच्या आठवडे बघत राहतात. निकाल एकसारखे येत नाहीत. स्वीडनच्या फ्योर्डमध्ये २०१३ च्या प्रयोगात हेरिंग माशाची पिल्लं जास्त जगली, कारण त्यांचं खाद्य वाढलं होतं. नॉर्वेच्या किनाऱ्यावर एमिलियानिया हक्सलेई या चुना पांघरणाऱ्या शैवालाला दरवर्षीसारखा बहरच आला नाही. कॅनरी बेटांजवळ तर एक विषारी शैवाल माजलं आणि प्राणीप्लवकांची उपासमार झाली.

मला यातून एवढंच दिसतं की समुद्र ओस पडणार नाही, पण पंगतीत कोण बसणार ते बदलेल. आणि नवी पंगत आपल्या सोयीची असेलच असं नाही.

खुल्या समुद्रापेक्षा किनाऱ्याचं प्रकरण वेगळं का?

खुल्या समुद्रात सामू फार हलत नाही. किनाऱ्यावर तो दिवसातूनही वर-खाली होतो. दुपारी शैवाल वायू ओढून घेतात तेव्हा सामू चढतो, रात्री सगळेच श्वास सोडतात तेव्हा उतरतो. खाडीत तर भरती-ओहोटीसरशी बदलतो. म्हणून काहींना वाटतं, किनाऱ्यावरच्या जिवांना सवयच आहे. सवय आहे हे खरं, पण चटका सोसायची सवय असलेल्या माणसालाही तव्यावर बसवत नाहीत.

किनाऱ्यावर आम्ल तीन वाटांनी येतं. पहिली हवेची, ती सगळीकडे सारखीच.

दुसरी खालून. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ खोलवरचं थंड पाणी वर सरकतं. केरळपासून गोव्यापर्यंतच्या पट्ट्यात हे ठळक दिसतं. हे पाणी खतासारखं समृद्ध, म्हणून तर पावसाळ्यानंतर तारली-बांगड्याचे थवे येतात. पण वरून पडलेला कचरा त्याच पाण्यात कुजलेला असतो. त्यामुळे ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त आणि सामू मुळातच उतरलेला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात ऑक्सिजनचा जो तुटवडा पडतो तो जगातल्या मोठ्या तुटवड्यांपैकी एक आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक कित्येक वर्षं कांदोळीजवळच्या ठरलेल्या जागी जाऊन पाणी तपासतात, ते यासाठीच. अशा पाण्यात हवेतून आणखी थोडी भर पडली तरी ती उंबरठ्यापलीकडे नेणारी ठरू शकते.

तिसरी वाट आपल्या मोरीतून. सांडपाणी आणि शेतातला युरिया खाडीत गेला की शैवाल फोफावतं, मरतं, कुजतं आणि कुजताना कार्बन डायऑक्साइड सोडतं. शिवाय पावसाळ्यात नद्यांचं गोडं पाणी मिसळतं. त्यात समुद्राच्या मानाने चुन्याचे क्षार कमी, त्यामुळे आम्ल झेलायची ताकद कमी. या तिसऱ्या वाटेवर मात्र ग्रामपंचायत आणि नगरपालिकाही काही करू शकतात.

पण नाशिकला समुद्र कुठे? गोदावरी तर पूर्वेला जाते.

गोदावरी जाते, सगळं पाणी नाही जात. नाशिक जिल्हा हा पाण्याची वाटणी करणारा आहे. ब्रह्मगिरीवर पडलेल्या पावसातला एक थेंब गोदावरीतून सुमारे १४६५ किलोमीटर फिरून बंगालच्या उपसागराला मिळतो. त्याच डोंगररांगेच्या दुसऱ्या अंगाला पडलेला थेंब वैतरणेतून अरबी समुद्राला. पेठ-सुरगाण्याकडचं पाणी दमणगंगा आणि पार या नद्यांनी पश्चिमेलाच जातं. गिरणेचं तापीतून तिकडेच. त्र्यंबकहून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ८० किलोमीटर आहे.

वाटेत धरणं आहेत, ती गाळ आणि बरंच काही अडवून धरतात. पण एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमणीतून किंवा माझ्या स्कूटरमधून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडला कुठलंच धरण अडवत नाही.

हिवाळ्यात कोकणातल्या लाटा रात्री निळ्या चमकतात. ते आम्लीकरणामुळे?

नाही, निदान थेट नाही. तो नॉक्टिल्युका नावाचा चमकणारा एकपेशीय प्लवक. त्याला चुन्याचं कवचच नसतं. उत्तर अरबी समुद्रात त्याच्या हिरव्या प्रकाराचा जो उद्रेक होतो, त्याचा संबंध संशोधकांनी कमी ऑक्सिजनच्या पाण्याशी जोडला आहे. फोटो सुंदर येतात. पण त्याच्या गर्दीत डायटम मागे पडतात आणि त्याला खाणारे फारसे मासे नाहीत, जेलीफिशसारखेच जास्त.

खरंच कुणाचं नुकसान झालंय, की सगळं भविष्यातलंच?

झालंय. अमेरिकेत ओरेगनच्या नेटार्ट्स उपसागरावर कालवांची पिल्लं तयार करणारं केंद्र आहे. २००७-०८ च्या सुमारास तिथे लाखोंनी पिल्लं मरू लागली. आधी जंतूंवर संशय गेला. शेवटी कळलं की वाऱ्यामुळे खालून वर आलेलं आम्लधर्माकडे झुकलेलं पाणी टाक्यांत येत होतं. कालवाचं पिल्लू पहिल्या दोन दिवसांत, तोंडाने खाणं सुरू व्हायच्या आधी, अंड्यातल्या शिदोरीवर पहिलं कवच बांधतं. तेवढ्यात चुना महाग पडला की शिदोरी संपते आणि पिल्लूही.

त्यांनी काढलेला उपाय कुठल्याही शेतकऱ्याला पटेल असा होता. पाण्याचा सामू सतत बघायचा, वाईट पाणी आत घ्यायचं नाही, शैवालामुळे सामू चढतो त्या दुपारच्या वेळी टाक्या भरायच्या, आणि गरज पडली तर सोडा अ‍ॅश, म्हणजे धुण्याचा सोडा, मिसळायचा. केंद्र वाचलं. पण हे टाकीत जमतं. रत्नागिरीच्या खडकांवरच्या कालवांना कोण सोडा घालणार?

सुकट महागली ती यामुळेच का?

मावशी, असं मी म्हणणार नाही. भाव वाढायला डिझेल, बेसुमार मासेमारी, तापलेलं पाणी, लांबलेली वादळं अशी डझनभर कारणं असतात. त्यातून सामूचा वाटा वेगळा काढून दाखवता येत नाही.

या विषयात घाईने ओरडणाऱ्यांचं हसं झालेलं आहे. उतरलेल्या सामूत प्रवाळातल्या माशांना शत्रूचा वासच येत नाही, असे निष्कर्ष २००९ नंतर गाजले होते. २०२० मध्ये दुसऱ्या गटाने तेच प्रयोग काटेकोरपणे पुन्हा केले, तर तो परिणाम दिसलाच नाही. चुन्याच्या कवचांचा पुरावा मात्र भक्कम आहे. दोन्ही एकाच पारड्यात टाकू नका.

समुद्रात चुना ओतला तर?

ही कल्पना खुळचट नाही, तिच्यावर गंभीर काम चालू आहे. पण चुनखडी भाजून चुना करताना स्वतः कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि लागणारा चुना डोंगरांच्या हिशेबात मोजावा लागेल.

निसर्ग हे काम करतोच, आणि त्यात नाशिकचा हात आहे. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पावसात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड या दगडाला हळूहळू झिजवतो, त्यातून कॅल्शियम आणि बायकार्बोनेट सुटतं आणि नदीने समुद्रात जातं. बंगालच्या उपसागरातल्या एखाद्या फोरॅमिनिफेराच्या कुपीत ब्रह्मगिरीचं कॅल्शियम असेल, यात काव्य नाही, साधं रसायनशास्त्र आहे. या दगडाची भुकटी शेतात टाकून झिजण्याचा वेग वाढवता येईल का, याचे प्रयोग भारतातही सुरू झाले आहेत. मात्र निसर्गाच्या वेगावर सोडलं तर समुद्राचा सामू पूर्ववत व्हायला हजारो वर्षं लागतात. आपण तो अडीचशे वर्षांत उतरवला.

निवळीचा प्रयोग घरी करता येईल का?

येईल. पानटपरीवरून चुना आणा. चिमूटभर चुना पेलाभर पाण्यात ढवळून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वरचं नितळ पाणी अलगद दुसऱ्या पेल्यात ओता आणि त्यात तेवढंच साधं पाणी घाला. नळीने फुंका, ओढू नका, आणि डोळ्यांवर उडणार नाही याची काळजी घ्या. मुलं असतील तर मोठ्यांनी सोबत बसा.

मिनिटभरात पाणी दुधाळ होईल. पुढचा भाग चिकाटीचा आहे, गाल दुखेपर्यंत फुंकावं लागतं. आमच्या वर्गात पाच जणांनी आळीपाळीने फुंकलं तेव्हा कुठे पाणी पुन्हा नितळ झालं.

ते पुन्हा दुधाळ करता येतं का?

हो. तेच पाणी उकळा. वायू निघून जातो आणि चुना परत खाली बसतो. बोअरचं पाणी वापरत असाल तर हा प्रयोग तुमच्या न्हाणीघरात रोजच चालतो. गीझरची कॉइल बदलायला आलेला माणूस पांढऱ्या थराने मढलेली जुनी कॉइल हातात देतो ना, तो थर म्हणजे हाच चुना.